आंतरपिकाचा भाजीपाला तोडल्यावर कोवळा कसा राहील?



उसाची लागण, बेणे, खते आणि तोडणी यांबद्दल आम्ही या पत्रिकेतून आपल्याशी वेळोवेळी बोलत असतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही उसाच्या सरीतूनच निघालेला आहे.

पूर्वहंगामी आणि सुरू लागणीत आंतरपीक घ्या, असे आम्ही दरवर्षी सांगतो. पट्टा पद्धतीने लागण केली की दोन पट्ट्यांमधली जागा सुरुवातीचे तीन महिने मोकळीच असते. पूर्वहंगामी उसात मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, कोबी, वाटाणा किंवा कांदा आणि सुरू उसात भेंडी, गवार, काकडी अशी पिके त्या जागेत बसतात. ऊस कारखान्याला जाऊन पैसे हाती यायला वर्ष उलटते. तोपर्यंत मजुरी, खताची उधारी, मुलांची फी हे सर्व थांबत नाही. ती नड भाजीची पट्टी भागवते.

गेल्या हंगामात आमच्या एका गटातले वयस्कर सभासद गटकार्यालयात आले आणि खिशातून एक पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. त्यांची कोथिंबीर मुंबईला गेली होती. त्या दिवशी बाजार बरा होता, पण निम्म्या जुड्या पिवळ्या पडून आतून कुजल्या होत्या. भाडे, हमाली वजा जाता हाती काही राहिले नव्हते.

"साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून पीक केलं. पीक आलं बी चांगलं. मग गेलं कुठं?"

आम्ही विचारले, "आण्णा, माल भरताना काय केलं होतं?"

"काय करायचं? दुपारी उपटली, हौदात बुचकळली, गच्च गठ्ठे बांधले, वरून ताडपत्री आवळली. समदेच तसं करत्यात."

यात चूक आण्णांची एकट्याची नव्हती. आम्ही लागणीचे अंतर सांगितले, बियाण्याचे प्रमाण सांगितले, आंतरपिकाला वेगळे खत द्या हेही सांगितले. पण तोडल्यानंतर काय करायचे, हे कधी सांगितलेच नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

तोडलेला माल मेलेला नसतो

शिळा ऊस म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि उतारा खाली येतो. उसातली साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि ही साखर दाणा धरत नाही. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गव्हाणीत पडावा असा आपला आग्रह असतो.

भाजीचेही असेच आहे, फक्त तिची मुदत उसापेक्षा फार थोडी. मुळापासून किंवा देठापासून तोडली तरी भाजी जिवंत असते. ती श्वास घेते, तिच्यात साठवलेली साखर जाळते, त्यातून उष्णता बाहेर टाकते. झाडावर असताना मुळे पाणी पुरवीत होती. तोडल्यावर पुरवठा बंद झाला, पण खर्च चालूच राहिला. भाजी टिकवणे म्हणजे हा खर्च कमी करणे, एवढेच.

तोडल्यानंतर भाजीचे तीन प्रकारे नुकसान होते.

पहिले, पाणी उडते. वजनाच्या पाच ते दहा टक्के पाणी गेले की पालेभाजी मलूल दिसते आणि व्यापारी भाव पाडतो. वजनावर विकायचा माल असेल तर घट होते ती वेगळीच.

दुसरे, गोडी जाते. वाटाण्यात हे चटकन कळते. सकाळी शेंग सोलून खाल्ली तर दाणा गोड लागतो, तीच शेंग दिवसभर उन्हात राहिली तर संध्याकाळी दाणा पिठूळ लागतो. साखरेतील काही जळते आणि काहीचा स्टार्च होतो.

तिसरे, भाजी राठ होते. कोवळ्या देठात आणि शेंगेत धागा धरू लागतो. एकदा धरलेला धागा कोणत्याही उपायाने मोडत नाही.

या तिन्ही गोष्टींचा वेग ठरतो तो उष्णतेवर. साधारणपणे तापमान दहा अंशांनी वाढले की भाजीच्या श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे ३५ अंशांच्या उन्हात बांधावर गेलेला एक तास हा २५ अंशांच्या सावलीतल्या दोन-तीन तासांइतका महाग पडतो. बाजार गाठेपर्यंतचे नुकसान बहुतेक वेळा बांधावरच सुरू झालेले असते. टेम्पोवाल्याला आणि बाजाराला बोल लावण्याआधी आपण आपला बांध पाहावा.

शतावरीच्या कोंबापासून घेण्यासारखा धडा

आपल्या सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडाला शतावरीच्या कोवळ्या कोंबांची रानभाजी करतात. याच शतावरीच्या कुळातली अ‍ॅस्परॅगस नावाची भाजी युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पिकवतात. तिचेही जमिनीतून वर आलेले कोंबच खातात. तोडल्यावर सर्वांत लवकर बिघडणाऱ्या भाज्यांत तिची गणना होते, म्हणून ती कशी सांभाळतात हे पाहण्यासारखे आहे.

कोंब कापला की कापलेल्या टोकापासून वरच्या बाजूला धागा धरायला लागतो. उष्णतेत हे काम झपाट्याने होते, थंडीत मंदावते. म्हणून तिथले शेतकरी कोंब कापल्याबरोबर थंड पाण्याने त्यांची ऊब काढतात आणि नंतर ते शून्य ते दोन अंशांच्या जवळपास, भरपूर दमट हवेत ठेवतात. कोंब आडवे न टाकता उभे ठेवतात, कारण आडवा ठेवलेला कोंब तोडल्यावरही वाढत राहतो आणि त्याचा शेंडा वर वळतो. खोक्याच्या तळाशी ओला कागद किंवा ओले पॅड असते, म्हणजे कापलेले टोक सुकत नाही. घरातली बाई तर कोंबांची जुडी फुलांसारखी पेल्यातल्या बोटभर पाण्यात उभी करते.

यातली यंत्रसामग्री आपल्याकडे नाही, पण तत्त्व आपल्याला वापरता येते. माल लवकर थंड करा, देठाला ओल द्या, पानाला ओल देऊ नका आणि वारा खेळता ठेवा. आमच्या आण्णांच्या बाबतीत नेमके उलटे झाले होते. पाला ओला, गठ्ठा गच्च आणि वर ताडपत्री. आत वाफ धरली. ओल आणि ऊब एकत्र आली की कूज यायला वेळ लागत नाही.

बांधावर करावयाची कामे

१) तोडणीची वेळ. सकाळी दव उडाल्यावर आणि ऊन चढण्याआधी, किंवा दुपारी चारनंतर तोडणी करावी. रात्रीच्या गाडीने माल जायचा असेल तर दुपारी चारनंतरची तोडणी सोयीची. भर दुपारी बाराला उपटून संध्याकाळपर्यंत बांधावर टाकू नये. दवाने ओली पालेभाजी गठ्ठ्यात भरू नये.

२) आदल्या दिवशी पाणी. पालेभाजीला तोडणीच्या आदल्या दिवशी हलके पाणी द्यावे. तहानलेले पीक तोडल्यावर लगेच माना टाकते. चिखल होईल इतके मात्र देऊ नये, मुळाला माती चिकटून येते.

३) सावली. लिंबाचे झाड असेल तर उत्तम, नसेल तर चार बांबू रोवून वर पाचट टाकावे. पाचट आपल्या घरचेच आहे. पाटी भरली की ती सावलीत न्यायची, हे काम एका माणसाकडे नेमून द्यावे. "सगळं तोडून झालं की उचलू" म्हणू नये.

४) निवड बांधावरच. किडकी, पिवळी, जून, ठेचलेली भाजी वेगळी काढावी. ठेचलेला भाग जास्त श्वास घेतो, जास्त तापतो आणि शेजारच्या मालालाही कूज लावतो.

५) बारदान. जाळीदार क्रेट किंवा भोकाची पाटी वापरावी. गोणी वापरायचीच असेल तर ती छोटी आणि सैल भरलेली असावी. क्रेटच्या तळाला उसाचे टोकदार पाचट न घालता स्वच्छ कागद किंवा केळीचे पान घालावे.

६) गाडी भरणे. क्रेटच्या थरांमधून वारा जाईल अशी फट ठेवावी. ताडपत्री फक्त वरून टाकावी, बाजूंनी आवळून बांधू नये. माल रात्री चालवावा.

प्रत्येक भाजीचा स्वभाव वेगळा

मेथी, कोथिंबीर, पालक: या सर्वांत नाजूक. मुळासकट उपटलेल्या जुडीच्या मुळ्या धुवाव्यात, पाला भिजवू नये. सावलीत घमेल्यात दोन बोटे पाणी घेऊन त्यात जुड्या तासभर उभ्या कराव्यात, मग पाणी निथळून भराव्यात. पाण्यात बुचकळल्याने माल ताजा दिसतो हे खरे, पण तो बाजारात उतरेपर्यंत तसा राहत नाही.

फ्लॉवर आणि कोबी: गड्ड्याभोवतीची दोन-चार पाने ठेवूनच कापावे. ही पाने म्हणजे फुकटचे बारदान. फ्लॉवरच्या गड्ड्यावर पाण्याचे थेंब राहिले तर काळे डाग येतात, ऊन लागले तर तो पिवळा पडतो.

वाटाणा: शेंग गच्च गोणीत भरून ठेवू नये. भरलेल्या गोणीच्या मध्यात हात घालून पाहा, आतली ऊब लगेच लागेल. तीच दाण्याची साखर खात असते. तोडल्या दिवशीच माल बाजाराला लावावा.

भेंडी आणि गवार: झाडावर जून झालेली भेंडी कोणत्याही साठवणीने कोवळी होत नाही. फूल उमलल्यापासून साधारण सहा-सात दिवसांत भेंडी तोडणीला येते. शेंडा बोटाने मोडला आणि कट्‌कन तुटला तर ती कोवळी समजावी. म्हणून एक दिवसाआड तोडा चुकवू नये. भेंडी धुऊ नये, ती चिकट होऊन काळी पडते. तोडताना हातात कापड किंवा मोजे घालावेत. त्याने हातही वाचतो आणि भेंडीवर ओरखडे येऊन काळे डाग पडत नाहीत.

काकडी, वांगी, भेंडी: यांना अति थंडी सोसत नाही. मेथी-कोथिंबिरीला शून्याजवळची थंडी मानवते, भेंडीला मात्र सात ते दहा अंश आणि काकडी-वांग्याला दहा-बारा अंश पुरेत. शीतगृहात किंवा घरच्या फ्रिजच्या थंड कप्प्यात ठेवलेल्या भेंडीवर खड्डे आणि काळे डाग पडतात, ते याच कारणाने. "जितके थंड तितके चांगले" हा नियम सर्वांना लागू नाही.

कांदा: याची तऱ्हा अगदी उलटी. रब्बी कांद्याला ओल नको, कोरडी हवा हवी. भाजीचे उपाय कांद्याला लावू नयेत आणि कांद्याच्या चाळीत पालेभाजी ठेवू नये.

पिकलेली फळे: पिकलेला पेरू, केळी, आंबा, पपई आणि लाल टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते. राहात्याकडच्या भागात पेरूच्या बागा आहेत आणि एकाच टेम्पोत पेरू व कोथिंबीर जाते. भाडे वाचते, पण कोथिंबीर जाते. निदान दोन टोकांना ठेवून मध्ये वारा राहील असे पाहावे.

विटा-वाळूचा थंड हौद

तोडणी आज झाली आणि बाजार परवा, असा प्रसंग पुष्कळ वेळा येतो. शीतगृह प्रत्येक गावात नाही, आणि दहा पाट्यांसाठी तिथे जाणे परवडतही नाही. यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० नंतरच्या दशकात सुशांत रॉय आणि खुर्डिया या शास्त्रज्ञांनी विजेशिवाय चालणारा एक शीतकक्ष तयार केला. त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. आम्ही त्याला थंड हौद म्हणतो, कारण गावचा गवंडी तो एका दिवसात बांधू शकतो.

रचना सोपी आहे. जमिनीवर विटांचा एक थर देऊन सुमारे साडेपाच फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद तळ करावा. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, सव्वादोन फूट उंच उभ्या कराव्यात. दोन्ही भिंतींमध्ये तीन इंचांची पोकळी ठेवून ती नदीच्या स्वच्छ वाळूने भरावी. विटा आणि वाळू आधी पाण्याने पूर्ण भिजवाव्यात. वर बांबूच्या कामट्या आणि गोणपाट किंवा वाळा यांचे झाकण करावे. सर्वांवर पाचटाचे छप्पर हवेच, ऊन थेट पडता कामा नये. जागा वाऱ्याची आणि पाण्याच्या जवळची निवडावी. या मापाच्या हौदात सुमारे शंभर किलो माल बसतो.

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ वाळूवर आणि झाकणावर पाणी शिंपडायचे. वाळू हाताला ओली लागली पाहिजे. ठिबकची नळी वाळूवर अंथरून तिला उंचावरच्या टाकीतून पाणी सोडले तर ते कामही वाचते.

हा हौद थंड कसा होतो? आपल्या घरचा माठ जसा होतो तसाच. ओल्या विटेतून पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितकी थंडाई जास्त. आपला नगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर, पर्जन्यछायेतला आहे. त्याची झळ आपण नेहमी सोसतो, पण या एका कामी कोरडी हवा आपल्या बाजूची आहे. कडक उन्हाळ्यात हौदातले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी कमी राहू शकते आणि आतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास राहतो. उन्हाळ्यात राजगिऱ्यासारखी पालेभाजी बाहेर एक दिवसही धड राहत नाही, ती हौदात सुमारे तीन दिवस राहते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने हौदाचा उपयोग फार कमी होतो, हेही सांगून ठेवतो.

चार पथ्ये पाळावीत. माल जाळीच्या क्रेटमध्येच ठेवावा, पाण्याचे थेंब मालावर पडू देऊ नयेत, कुजका माल रोज काढावा आणि कांदा, बटाटा, लसूण आत ठेवू नये. हौद रिकामा झाला की स्वच्छ करून वाळवावा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. हा हौद भाव वाढेपर्यंत माल दाबून ठेवण्यासाठी नाही. एक रात्र, दोन रात्री, आठवडे बाजाराचा दिवस गाठेपर्यंत, एवढेच त्याचे काम. भेंडी पंधरा दिवस ठेवू म्हणाल तर नुकसानच पदरी पडेल. तसेच जून, भिजलेला किंवा उन्हात तापून आलेला माल हौदात ठेवून ताजा होत नाही. हौद चांगला माल चांगला ठेवतो, वाईट माल चांगला करत नाही.

घरी करून पाहा

आमचे म्हणणे तसेच्या तसे मानू नका. येत्या तोडणीला एक साधी परीक्षा करा. एकाच वाफ्यातल्या कोथिंबिरीच्या वीस जुड्या घ्या. दहा जुड्या नेहमीप्रमाणे पाण्यात बुचकळून गोणीत गच्च भरा. दहा जुड्यांच्या फक्त मुळ्या भिजवून, निथळून, सैल क्रेटमध्ये सावलीत ठेवा आणि क्रेटवर, पाल्याला न टेकेल असे, ओले गोणपाट टाका. दोन्हींचे वजन निथळल्यावर करून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करा, पण नुसत्या वजनावर जाऊ नका. दोन्ही जुड्या सोडून आतला पाला पाहा, वास घ्या. मग घरच्या बाईमाणसांना विचारा, यातली कोणती जुडी तुम्ही बाजारात घ्याल? भाव ठरवणारे गिऱ्हाईक तेच आहे.

आण्णांनी यंदा फार काही केले नाही. दुपारऐवजी संध्याकाळी कोथिंबीर उपटली, हौदात फक्त मुळ्या बुडवल्या, शेजाऱ्याचे क्रेट मागून आणले आणि ताडपत्रीच्या बाजू मोकळ्या सोडल्या. माल हिरवा पोहोचला. पट्टी दाखवायला ते परत आले तेव्हा एवढेच म्हणाले, "साहेब, हे अगुदर सांगायचं होतं." त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे.

सभासद बंधूंनो, उसाला वेळेवर पाणी देताना आणि बांधणी करताना आपण जी काळजी घेता, त्यातली थोडी भाजी तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांना द्यावी. त्या दोन तासांत खर्च फारसा नाही. सावली, सैल बारदान आणि देठाला ओल, एवढेच लागते. ज्यांना थंड हौद बांधायचा असेल त्यांनी आपल्या गटकार्यालयात नाव नोंदवावे. आमचे कर्मचारी बांधावर येऊन मापे आखून देतील. आणि आपल्यापैकी कोणी याहून सोपी युक्ती करत असेल तर ती आम्हाला जरूर कळवावी. ती इतर सभासदांपर्यंत पोहोचवू.

आपले,
ऊस विकास अधिकारी व सहकारी,
ऊस विकास विभाग